दोन रिंग देऊन ठेव

सातारा,
रविवार, दुपारचे तीन

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

चटणीच्या डब्याबरोबर पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. बाबांची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा आहे तिथेच आहे. व्हॉट्सॅपवर मी चार ओळी लिहिल्या की तू अंगठा दाखवतोस आणि फोनवर बोलायला गेले की आपलं गेल्या रविवारसारखं होतं. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही.

भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. बाबा म्हणाले, "लिहिणारच असशील तर लिही, पण त्या अकरा मिस्ड कॉलचा विषय काढू नकोस." नाही काढत.

निमित्त वेगळंच आहे. आपला लँडलाइन उद्यापासून बंद. जूनमध्ये रस्ता खणला तेव्हा केबल तुटली, तेव्हापासून फोन कधी जिवंत तर कधी मेलेला, आणि जिवंत असला तरी आत पाऊस पडत असल्यासारखी खरखर. उद्या अर्ज देऊन यंत्र परत करायचं, डिपॉझिटचे काय मिळतील ते घ्यायचे. छत्तीस वर्षं झाली रे त्याला.

सकाळी जिन्याजवळचा कोनाडा रिकामा करायला घेतला. फोनखालचा क्रोशाचा रुमाल आजींच्या हातचा, तो धुवायला टाकलाय. धुऊन निम्मा उरला तरी नशीब. ती डायरी सापडली, अक्षरावर बाण सरकवून दाबलं की टपकन उघडणारी. स्प्रिंग गेलाय तिचा, डी वर आणलं तरी एम उघडतो. आणि भिंतीवर बाबांनी पेन्सिलीने लिहिलेले नंबर. घराला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा बाबांनी रंगाऱ्याला तेवढा वीतभर तुकडा सोडायला लावला होता. गॅस, डॉक्टर, वकीलकाकू, सुमनआत्या. आधी चार आकडी, मग पाच आकडी, मग पुढे मागाहून चिकटवलेला २. आणि सगळ्यात खाली, तिरकं, 'नि. होस्टेल'.

तिथे मी फडकं हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. त्याचं पुढे लिहिते.

फोन आला तो दिवस तुला आठवणं शक्य नाही, चार वर्षांचा होतास. बाबांनी अर्ज केला १९८१ साली. मी १९७६ पासून टेलिफोनमध्ये. दिवसभर कानाला हेडसेट, अख्ख्या जिल्ह्याची बोलणी जोडून देणार, आणि माझ्याच घरी फोन नाही. सुमनआत्या चिडवायची, हलवायाच्या घरी पेढा नाही म्हणून. पण वेटिंग लिस्ट म्हणजे वेटिंग लिस्ट. डॉक्टरांना लवकर मिळायचा, ओवायटीत जास्तीचे पैसे भरणाऱ्यांना लवकर मिळायचा, आपण साध्या रांगेत. आठ वर्षांनी, १९८९ मध्ये, लाइनमन खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन दारात आला तेव्हा आप्पांनी त्याला आधी चहा दिला, मग कंदी पेढे, मग नारळ. आजींनी फोनला हळदकुंकू वाहिलं. पहिला फोन कुणाला लावायचा यावर मात्र घोडं अडलं, कारण आपल्या एकाही जवळच्या नातेवाइकाकडे फोन नव्हता. शेवटी बाबांनी १९८ फिरवला, तक्रारींचा, आणि "तक्रार काही नाही, फोन उत्तम चालतोय" असं सांगून ठेवून दिला. पलीकडे ड्यूटीवर आमची शैला होती. ती अजून हसते.

त्याआधी आपण वकीलकाकूंच्या पीपीवर, म्हणजे शेजारच्या घरच्या फोनवर. माझ्या लग्नपत्रिकेवरसुद्धा त्यांचाच नंबर, पुढे कंसात पीपी. काकू गॅलरीतून हाक मारायच्या, "मास्तरीणबाईऽऽ, मुंबईऽऽ!" की आजी पिठाचे हात तसेच घेऊन पळत सुटायच्या. मुंबई म्हणजे सुमनआत्या. गल्लीला कळायचं, आज आत्याचा फोन आला. बोलून झाल्यावर आजी तिथे पाच मिनिटं बसून यायच्या, नुसतं बोलून उठणं बरं दिसत नाही म्हणून. दिवाळीत त्यांच्याकडे चकल्यांचा मोठा डबा जायचा तो त्या फोनपायी, हे दोन्ही घरांना माहीत होतं. बोलून कोणी दाखवलं नाही.

गंमत म्हणजे आमच्या बोर्डावर पीपीचा अर्थ निराळा होता. तिथे पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन, ज्याचं नाव दिलंय तोच माणूस लाइनवर आला तरच कॉल जोडायचा. ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, लावायला १८० फिरवला की आम्ही. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे तीन प्रकार. ऑर्डिनरी लावणारा सकाळी नोंदवायचा आणि दुपारचं ताट फोनशेजारी घेऊन बसायचा. अर्जंटला दुप्पट पैसे. लाइटनिंगला त्याच्या कितीतरी पट, म्हणून कोणी लाइटनिंग म्हटलं की आम्ही पोरी एकमेकींकडे बघायचो. कोणीतरी गेलेलं असायचं, नाहीतर जायच्या वाटेवर असायचं.

तीन मिनिटांचा हिशेब असायचा. तीन झाली की लाइनवर शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" ऐकायचं नाही असा नियम. पण शिरल्याशिवाय विचारणार कसं, आणि शिरलं की कानावर पडतंच. त्याने माझ्या कानाला एक खोड लागली ती लागलीच. पहिल्या हॅलोवर मला कळायचं, पलीकडे पोचलेली बातमी कसली आहे.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस घरी बसला. त्यात आपल्या जिल्ह्याची माणसं किती ते आमच्या बोर्डाला विचारायचं. म्हातारी माणसं खेड्यांतून पोस्टात यायची आणि लालबाग-परळच्या कुठल्यातरी दुकानाचा नंबर लावायची. दुकानदार पोराला चाळीतून बोलावून आणायचा. तो धापा टाकत यायचा आणि म्हणायचा, "आई, समदं बरं हाय." निखिल, ते 'बरं हाय' मी इतक्यांदा ऐकलंय. 'बरं'वर जरा जास्तीचा जोर, आणि 'हाय'पर्यंत यायच्या आत श्वास संपलेला. इकडची म्हातारी काय करणार? विचारायची, "जेवलास का?" मग कोणीच काही बोलायचं नाही. पैसे पडताहेत हे दोघांना माहीत, तरी नुसते एकमेकांचा श्वास ऐकत उभे. अशांची तीन मिनिटं मी कितीदा साडेतीन केली ते कॉलच्या कुठल्याही तिकिटावर लिहिलेलं नाही. आता पेन्शन चालू आहे, कोण काय करणार माझं.

अशा बाईला तू ऑगस्टमध्ये लिहून पाठवलंस, 'ऑल गुड आई, कामात आहे.' हाताला सलाइन, प्लेटलेट अडतीस हजारांवर, आणि ऑल गुड. पुढे तो पिवळा हसरा चेहरा. मी त्या चेहऱ्यावर विसंबून तुला लाइटबिल ऑनलाइन कसं भरायचं ते विचारत बसले होते. आणि तू हॉस्पिटलच्या कॉटवर पडल्या पडल्या एका हाताने मला स्क्रीनशॉट काढून पाठवलेस, कुठलं बटण दाबायचं त्याच्यावर लाल गोल करून. ते सगळे अजून माझ्या फोनमध्ये आहेत. मला ते पुसवत नाहीत आणि बघवतही नाहीत.

त्या शनिवारी सौरभने भाबडेपणाने तुझा फोन उचलला नसता तर मला कधी कळलं असतं? दिवाळीला? तू बोलला असतास तर एका हॅलोत ओळखलं असतं मी. म्हणूनच बोलला नाहीस, हेही कळतंय मला.

हे बघ, एकट्या राहणाऱ्या माणसाने घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवावी. ताप दुसऱ्या दिवशी उतरला नाही की रक्त तपासावं, अंगावर काढू नये. खिडकीला जाळी लावून घे म्हणून मी गेल्या मे महिन्यात आले तेव्हाच सांगितलं होतं. गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठतं, तेही सांगितलं होतं. आणि रात्री तो फोन सायलेंटवर टाकून झोपणं हे तर मला अजिबात

झालं सुरू माझं. खोडत नाही, राहू दे. चाळिशीला टेकलेल्या मुलाला कुंड्यांच्या ताटल्या सांगणारी आई फक्त माझ्यासारखीच असेल. रागावू नकोस.

मला खरं तर फोनबद्दल लिहायचं होतं. तो पहिला, काळा. दगडासारखा जड, पाठीवर आय.टी.आय.ची, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची, अक्षरं. तो बंगळूरचाच की. १९४८ साली सुरू झालेला तो कारखाना तुमच्या के.आर.पुरमजवळ, दूरवाणीनगरात. कानडीत दूरवाणी म्हणजे टेलिफोन, वस्तीचं नावच त्याच्यावरून पडलंय. ट्रेनिंगमध्ये असलं सगळं पाठ करून घ्यायचे. देशातली पहिली एसटीडी १९६० साली कानपूर-लखनौला सुरू झाली, हा प्रश्न परीक्षेला हमखास असायचा. सगळ्याजणींनी उत्तर बरोबर लिहिलं. लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले तर आपल्याला कोण विचारणार, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

त्या फोनचा १ फिरवला की लगेच माघारी यायचा, ९ सावकाश, खर्रर्र करत. शून्याला सगळ्यात वेळ, कारण शून्य म्हणजे दहा ठोके. डायल परत येताना तारेवरून तेवढे ठोके जातात आणि एक्सचेंज ते मोजतं. हे मी तुला एकदा हौसेने समजावून सांगितलं, तीच माझी चूक.

बिल वाढलं म्हणून बाबांनी डायलच्या भोकात ते छोटं कुलूप अडकवलं. किल्ली आप्पांच्या जानव्याला. तू चौथीत. दोन महिन्यांनी बिल आलं तर तेवढंच, उलट वीस रुपये जास्त. बाबा एक्सचेंजला येऊन भांडायच्या बेतात होते, मीच थांबवलं. मग एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते आणि बाहेरून बारीक आवाज आला. टिंग टिंग टिंग टिंग. जरा थांबून, टिंग टिंग. मला ते मोजता येत होते ना! चार. दोन. मग सात. तव्यावरची भाकरी टाकून बाहेर आले तर तू स्टुलावर उभा, रिसीव्हर कानाला, आणि एका बोटाने हूक ठोकतोयस. कुलूप डायलला, हूकला थोडंच होतं? अमोलचा नंबर लावत होतास. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलताहेत, आणि एक ठोका चुकत नाहीये. मी रागवायला आले होते ती दारातच थांबले, पलीकडे रिंग जाईपर्यंत. मग रागावले, धपाटाही घातला. भाकरी करपली त्याचाही राग त्यात होता. पण रात्री बाबांना सांगताना मला हसू आवरेना, आणि बाबा म्हणाले, "खात्यातल्या पोरांना जमणार नाही हे." पुढे तुझी ॲडमिशन झाली, नोकरी लागली, तुम्ही ते कसलं पेटंट काढलंत, लोक पेढे मागायला आले. मला मात्र तू इंजिनिअर झालास तो त्या भाकरीच्या दिवशी. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि आजींचं क्रॉस कनेक्शन आठवतं का? त्यांच्या फोनमध्ये कुठल्यातरी घरच्या मुलीचं लग्न ठरत होतं. तीन दिवस आजी दुपारची झोप सोडून रिसीव्हर कानाला लावून बसल्या. चौथ्या दिवशी न राहवून मध्येच बोलल्या, "अहो, मुलगा तंबाखू खातो का ते विचारा आधी." पलीकडे दोन्हीकडचे लोक एकदम गप्प. आजींनी फोन ठेवला आणि देवाजवळ दिवा लावायला निघून गेल्या. अजूनही मला त्या मुलीचं काय झालं ते कळावंसं वाटतं.

वीज गेली तरी तो फोन चालायचा. त्याची वीज आपल्या घरची नव्हतीच, आमच्या बॅटरी रूममधून यायची, ४८ व्होल्ट, त्याच तारेवरून. वादळात गल्ली काळोखात बुडालेली आणि फोन उचलला की कानात तो संथ सूर आहेच. तुझा फोन मात्र ऑगस्टमध्ये त्या शुक्रवारी संध्याकाळपासून स्विच्ड ऑफ. चार्जर घरी राहिला म्हणालास. अरे, एक जास्तीचा चार्जर बॅगेत टाकून ठेवायला काय

परत तिथेच आले बघ.

सुमनआत्याशी बोलायचं ते रात्री अकरानंतर, पावपट दर लागायचा तेव्हा. पोवई नाक्यावरच्या पिवळ्या बोर्डाच्या बूथवर त्या वेळेला रांग असायची, थंडीत मफलर गुंडाळून माणसं उभी. घरी फोन असून आपल्यालाही अकराची वाट बघावी लागायची. तू मांडीवर पेंगायचास, पण 'आत्याला हॅलो' केल्याशिवाय झोपायचा नाहीस.

तुला २००३ साली पुण्याला सोडलं तेव्हा होस्टेलला एकच फोन होता, रेक्टरच्या खोलीबाहेर. कोणीतरी उचलायचं, तुझ्या नावाने जिन्यात बोंब मारायचं, आणि रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून द्यायचं. इकडे माझे पैसे पडत असायचे, पण मला ते आवडायचं. बादल्यांचे आवाज, कोणाची तरी शीळ, पत्र्याचं दार, आणि मग लांबून तुझ्या स्लिपरा. फटाक फटाक येत असतील तर तू खुशीत. ओढत येत असतील तर पेपर अवघड गेलेला, नाहीतर मेसमध्ये भांडण. तू हॅलो म्हणायच्या आधीच मला सगळं कळलेलं असायचं. व्हॉट्सॅपला स्लिपरा नाहीत रे.

आणि आपल्या रिंगा. घरून पुण्याला पोचलास की दोन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. दोन म्हणजे पोचलो, तीन म्हणजे तुम्ही लावा. उचलला नाही तर पैसे नाहीत. एसटी उशिरा पोचायची तेव्हा बाबा संध्याकाळपासून कोनाड्याशेजारी खुर्ची टाकून सकाळचाच पेपर पुन्हा वाचत बसायचे. दोन झाल्या, तिसरी वाजत नाही याची खात्री झाली की म्हणायचे, "पोचला", आणि पेपराची घडी घालायचे. एकदा आप्पांनी न कळून पहिल्याच रिंगला उचलला. "कोण? कोण?" करत बसले, तू घाबरून ठेवलास, आणि आम्ही रात्रभर तू पोचलास की नाही याचा काथ्याकूट करत जागे.

आता आप्पांचं लिहायलाच हवं. त्यासाठीच बसले होते बहुतेक, उगाच बाकीचं सगळं आठवत राहिले.

आप्पा गेले ते डिसेंबरातल्या गुरुवारी, पहाटे. तुझे दोन पेपर राहिले होते. घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं, शनिवारपर्यंत निखिलला कळवायचं नाही. बाबा म्हणाले, मला नाही जमणार, तू लाव. का, तर मी टेलिफोनवाली, मला आवाज सांभाळता येतो. दुपारी चारला लावला. बाहेर माणसं बसलेली, मी मधलं दार लावून घेतलं. तू पेपरचं सांगितलंस आणि म्हणालास, आप्पांना दे. मी म्हटलं, झोपलेत. तू म्हणालास, "चार वाजता?" चारला आप्पा टोपी घालून फिरायला निघतात, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार. मी म्हटलं, जरा सर्दी आहे त्यांना. मग तू काही बोलला नाहीस. लाइनवर नुसती खरखर. मग म्हणालास, "बरं." आणि ठेवलास.

ते 'बरं' मला ओळखू आलं होतं, निखिल. परळच्या दुकानातलंच होतं ते. मी स्वतःची समजूत घातली की पोरगं अभ्यासाच्या तंद्रीत असेल. शनिवारी आलास, दारातला चपलांचा ढीग बघितलास, कोणाला काही विचारलं नाहीस. सरळ आत जाऊन आप्पांच्या कॉटवर बसलास. दोन्ही पेपर चांगले गेले होते, तेच आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलो.

गेल्या रविवारी तू म्हणालास, "तूही तर सांगितलं नव्हतंस. मला तेव्हाच कळलं होतं. दोन दिवस मी त्या फोनपाशी जाऊन उभा राहत होतो, तू परत लावशील म्हणून." इतक्या वर्षांत हे तू पहिल्यांदा बोललास. मी परत लावला नाही. लावला असता तर दुसऱ्यांदा आवाज सांभाळला गेला नसता, एवढंच कारण. बाकी तुझ्या पेपरांचं वगैरे आम्ही जे म्हणत होतो ते काही खरं नाही.

चुकलं माझं. हे मी तेव्हाच फोनवर म्हणणार होते, पण तोवर तू ठेवला होतास. आणि तुमच्या या फोनला ठेवल्याचाही आवाज नाही. जुना असता तर आपटल्याचा तरी ऐकू आला असता, राग केवढा आहे त्याचा अंदाज आला असता.

आता ते अकराचं. बाबांना हे पान वाचून दाखवणार नाही. पहिला लावला तो सहज, वरणाला फोडणी देऊन हात रिकामा झाला म्हणून. दुसरा पंधरा मिनिटांनी, तू आंघोळीला गेला असशील असं धरून. तिसऱ्यापासून बोट थरथरायला लागलं. मधले आठवत नाहीत. दहावा मी कोनाड्यातल्या फोनवरून लावला, घरचा नंबर बघून उचलशील म्हणून. तोही वाजून वाजून थांबला. माझ्या डोळ्यांसमोर ऑगस्टच होता, दुसरं काही नव्हतं. बाराव्याला तू उचललास आणि मागे थिएटरमधली माणसं हसत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तुझ्यावर ओरडले. हायसं वाटलं की मी ओरडते हे तुला लहानपणापासून माहीत आहे, जत्रेत हरवून सापडलास तेव्हाही आधी मारच खाल्लास. तरी लोकांसमोर तुला तसं ऐकवायला नको होतं.

मानसीचं मी काही विचारणार नाही असं कबूल केलंय, विचारत नाहीये. फक्त घरात दुसरं माणूस असलं की रात्री-अपरात्री निदान

नाही विचारत.

बाबांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. ते 'बरं, बरं' म्हणतात तेव्हा त्यांना काही कळलेलं नसतं. तू त्यांना सांगितलेलं ते प्रमोशनचं त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही, तू मला लिहिलंस म्हणून कळलं. जरा मोठ्याने बोलत जा. त्यांना वाटतं, तू हळू बोलतोस म्हणजे खिन्न आहेस.

तर आपण असं करू. रोज बोलायला नको, मला कळतं, तुला दिवसभर कामाचे फोन असतात. रात्री झोपताना दोन रिंग दे आणि ठेव. माझ्या मोबाइलवर दे, कोनाड्यातला उद्या जाणार. मी उचलणार नाही, तुझी शपथ. काही विचारणार नाही. बाबा खुर्ची टाकून पेपर घेऊन बसतीलच. मोबाइलवर इकडच्या रिंगा आणि तिकडच्या रिंगा सारख्याच पडतात का रे? शैलाचा नातू म्हणतो, एखादी इकडेतिकडे होते. तू बघ, तुझ्या लाइनीतलं आहे ते. तीन झाल्या तर मी लगेच लावीन, तेव्हा नीट मोजून दे. तुला येतात मोजता.

तुझी,
आई

ता.क. पेन्सिलीचा तो वीतभर तुकडा रंगवायचा नाही असं बाबांनी आत्ताच बजावलंय, कोनाडा रिकामा राहिला तरी. चटणी जवसाची आहे. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, सादळते.